वर्णवादाची नामांतरे

मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्तात भगवान बुद्धांनी भिक्खूंना भाषेविषयी एक सूचना दिली आहे. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे असतात. कोठे त्यास पाती म्हणतात, कोठे पत्त, कोठे सराव, कोठे पिसील; सुत्तात अशी सात नावे आली आहेत. भिक्खूने ज्या जनपदात जावे तेथील लोकांचा शब्द वापरावा, आपलेच नाव तेवढे खरे असा हट्ट धरू नये आणि लोकव्यवहाराचे उल्लंघनही करू नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. पालि वाङ्मयात नावासाठी 'समञ्ञा', 'पञ्ञत्ति', 'वोहार' असे शब्द येतात. या तिन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. नाव माणसे ठरवितात, वस्तूच्या पोटातून ते उगवत नाही.

नाव बदलले म्हणजे वस्तू बदलली असे समजण्याची घाई बौद्ध विचारात बसत नाही ती यामुळेच. जन्मावरून माणसाची श्रेष्ठ-कनिष्ठता ठरविणारा विचार गेल्या सव्वाशे वर्षांत अनेक नावांनी वावरला आहे. एका नावाची अप्रतिष्ठा झाली की तो दुसरे नाव घेतो. हे कसे घडते आणि लोकांनी त्यास कसा प्रतिसाद दिला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मूळ मुद्दा. सुत्तनिपात व मज्झिमनिकाय या दोन्ही ठिकाणी वासेट्ठ सुत्त आले आहे. इच्छानंगल येथे वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो : ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? वाद मिटेना तेव्हा ते भगवंतांकडे येतात. भगवंत उत्तराचा आरंभ माणसापासून करीत नाहीत. गवत व वृक्ष, किडे-मुंग्या, चतुष्पाद प्राणी, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जातीजातींची वेगळी लक्षणे डोळ्यांना दिसतात, हे ते आधी मान्य करतात. नंतर केस, डोके, कान, डोळे, मुख, हात, पाय असा एकेक अवयव घेऊन विचारतात की माणसामाणसांत तसे जातिदर्शक लक्षण कोठे आहे? ते नाही. माणसांतील भेद 'समञ्ञे'ने, म्हणजे नाव ठेवण्याने झालेला आहे. जो गोरक्षणावर जगतो तो शेतकरी, जो शिल्पावर जगतो तो शिल्पी, जो यज्ञ करवून जगतो तो पुरोहित. आधुनिक जीवशास्त्र ज्यास प्रजाती म्हणते ती कल्पना येथे 'जाती' या शब्दाने व्यक्त झाली आहे, आणि मानव एकच जाती आहे असा निष्कर्ष निरीक्षणाच्या आधारे काढलेला आहे.

याच सुत्तात व धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गात भगवंत 'ब्राह्मण' हा शब्द टाकून देत नाहीत. ते तो ठेवतात आणि त्याचा आशय बदलतात : ज्याने तृष्णा व द्वेष यांचा क्षय केला तो ब्राह्मण. 'अरिय' या शब्दाचेही त्यांनी तेच केले. कुळाने आर्य ही कल्पना बाजूस सारून मार्गाने आर्य, सत्याने आर्य असा अर्थ त्यांनी रूढ केला. वर्णवादाची रीत याच्या नेमकी उलट आहे. भगवंतांनी शब्द राखून आशय पालटला. वर्णवादी आशय राखून शब्द पालटतात.

येथे एक शंका प्रामाणिकपणे उपस्थित केली पाहिजे. भगवंतांची ही रीत टिकली काय? माझ्या मते ती धम्माच्या परिघात टिकली, समाजात टिकली नाही. 'ब्राह्मण' या शब्दाला चिकटलेला जन्माचा अर्थ इतका चिवट निघाला की नवा अर्थ ग्रंथात राहिला आणि जुना घराघरांत. परमपूज्य बाबासाहेबांनी हे पुरेपूर ओळखले होते. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ मध्ये स्वतः प्रसिद्ध कराव्या लागलेल्या भाषणात त्यांनी गुणकर्मावर आधारलेल्या चातुर्वर्ण्याचा आर्यसमाजी युक्तिवाद तपासला. गुणच पाहावयाचे असतील तर ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ही जुनी नावे कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. ती नावे राहिली तर त्यांच्याबरोबर जन्माचा अर्थही राहील, असे त्यांचे म्हणणे. अडीच हजार वर्षांचा अनुभव गाठीशी असल्याने त्यांनी शब्दही टाकला आणि आशयही.

आता 'आर्य' या शब्दाचा युरोपातील प्रवास पाहू. संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन या भाषांचे नाते उलगडल्यानंतर भाषाकुळाचे नाव हळूहळू रक्ताचे नाव झाले. गोबिनो या फ्रेंच लेखकाने १८५३ ते १८५५ या काळात मानववंशांच्या विषमतेवर ग्रंथ लिहून त्यास सिद्धान्ताचे रूप दिले. माक्स म्युलर यांनी १८८८ मध्ये स्पष्ट बजावले की आर्य ही भाषेची संज्ञा आहे, रक्ताची व कवटीची नव्हे. परंतु तोवर उशीर झाला होता. इकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले हे नाकांची मोजमापे घेऊन जातींची उतरंड वंशाच्या आधारे मांडू लागले. आपल्याकडील अनेक उच्चवर्णीय विद्वानांना हे मत सोयीचे वाटले, यात नवल नाही. राज्यकर्ता आपला दूरचा भाऊबंद ठरत होता.

बाबासाहेबांनी १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज' या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धान्त वेदातील पुराव्यानिशी खोडून काढला, आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांच्या त्याच मोजमापांचा आधार घेऊन दाखविले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशभेद सिद्ध होत नाही. वासेट्ठ सुत्तातील पद्धतीच येथे नव्या साधनांनी वापरली गेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

जर्मनीत १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी वंशवादाला राजशासनाचे रूप दिले. त्याचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. १९३९ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध झालेल्या माधव सदाशिव गोळवलकर यांच्या राष्ट्रविषयक इंग्रजी पुस्तकात राष्ट्राच्या पाच घटकांत वंशाची गणना होती, आणि जर्मनीच्या वंशाभिमानाचा निर्देश अनुकरणीय धडा म्हणून केलेला होता. १९४५ नंतर छळछावण्यांची चित्रे जगापुढे आली आणि 'वंश' हा शब्द सभ्य समाजात उच्चारणे कठीण झाले. १९५० मध्ये युनेस्कोने वंशविषयक निवेदन काढून श्रेष्ठ-कनिष्ठ वंशाच्या कल्पनेला शास्त्राचा आधार नाही असे जाहीर केले. तेव्हापासून आपण पाहतो की येथे काय आणि युरोपात काय, 'वंश' मागे सरला आणि 'संस्कृती' पुढे आली. संस्कृती हा शब्द निरुपद्रवी आहे. परंतु ती जन्माबरोबरच लाभते, बाहेरच्यास कधीच आत्मसात होत नाही आणि तिची सरमिसळ होऊ देता कामा नये, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा भांडे तेच आहे हे ओळखावे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील नव्या उजव्या विचारवंतांनी 'वेगळेपणाचा हक्क' अशी भाषा याच गोष्टीसाठी वापरली. अमेरिकेत २०१० च्या सुमारास श्वेतवर्णीय श्रेष्ठत्ववाद्यांपैकी काहींनी स्वतःस 'पर्यायी उजवे' म्हणविण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या वार्ताहरांना सूचना दिली की हे नाव नुसते वापरू नये. त्यामागचा विचार कोणता हेही वाचकांस सांगावे. शब्द वापरावा, पण भांड्यात काय आहे ते दाखवूनच, असा हा दंडक आहे.

नामांतराची कला सर्वांत नेटकेपणे कोणी साधली असेल तर ती दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने. १९४८ मध्ये 'अपार्टहाइट' या शब्दावर निवडणूक जिंकलेल्या पक्षाने तो शब्द जगात बदनाम होताच 'स्वतंत्र विकास' असा शब्द काढला. १९५२ मध्ये तेथे एक कायदा झाला. त्याच्या शीर्षकात पासांच्या निर्मूलनाची घोषणा होती. प्रत्यक्षात त्याने निरनिराळे पास काढून त्यांच्या जागी एकच मोठे ओळखपुस्तक दिले आणि ते सदैव जवळ बाळगण्याची सक्ती केली. १९५९ च्या विद्यापीठ शिक्षण विस्तार कायद्याने काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद केली. नाव मात्र 'विस्तार'. लोक या नावांनी फसले नाहीत. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासाविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ जण मृत्युमुखी पडले. पास कायदे रद्द व्हावयास १९८६ उजाडावे लागले. वंशभेदनिर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जग २१ मार्च पाळते. आम्हा कोल्हापूरकरांना ही तारीख आणखी एका कारणाने पाठ आहे : १९२० च्या २१ मार्चलाच कागल जहागिरीतील माणगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद सुरू झाली होती.

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर वेदोक्त प्रकरणाकडे वळू. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर राजर्षी शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत होता, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतरच्या वादात विरोधी पक्षाने वापरलेली भाषा लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. तुम्ही शूद्र आहात असे छत्रपतींस तोंडावर सांगणे सोपे नव्हते. म्हणून वाद कधी शास्त्राचा, कधी परंपरेचा, कधी पुरोहिताच्या वृत्तिस्वातंत्र्याचा करण्यात आला, आणि 'केसरी'ने १९०१ च्या ऑक्टोबरात त्यास खूळ ठरविले. कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले आहेत, हा सिद्धान्त मात्र या सर्वांच्या तळाशी होता. महाराजांनी राजोपाध्यांची इनामे जप्त केली आणि १९०५ पर्यंत विरोध ओसरला.

तरीही वेदोक्ताचा लढा वर्णाच्या चौकटीतील दर्जासाठी होता, हे नाकारता येत नाही. त्या चौकटीबाहेरचे पाऊल २६ जुलै १९०२ च्या आज्ञेत आहे. संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात असा तो हुकूम. त्याची भाषा पाहावी. मागासलेले कोण, याची व्याख्या करताना ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून उरलेले सर्व, असे त्यात सरळ नावानिशी सांगितले आहे. आडपडदा नाही, गोड शब्द नाही. कोणाच्या हाती सत्ता एकवटली आहे ते सांगितल्याशिवाय ती वाटता येत नाही, हे त्या हुकुमाच्या लेखकास ठाऊक होते. विरोधकांनी लगेच नवा शब्द शोधला : गुणवत्ता. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांना महाराजांनी घोड्यांच्या पागेत नेऊन सर्व घोड्यांचे हरभरे एकत्र टाकावयास लावले आणि दुबळी शिंगरे मागे कशी ढकलली जातात ते दाखविले, ही कथा या भागात अजून सांगतात.

या इतिहासाकडे केवळ ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर असे पाहणाऱ्यांनी गंगाराम कांबळे यांचे स्मरण ठेवावे. पागेतील पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल त्यांना मारहाण करणारे ब्राह्मण नव्हते, मराठा नोकर होते. महाराजांनी गंगारामांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे चहा घेऊ लागले. समतेसाठी निराळा शब्द घडविण्याची त्यांना गरज पडली नाही.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील एक क्रम पाहण्यासारखा आहे. १९६९ च्या जानेवारीत 'नवाकाळ' दैनिकात गोळवलकर गुरुजींची मुलाखत प्रसिद्ध झाली. तीतील चातुर्वर्ण्याच्या समर्थनावरून राज्यभर निषेधाचे वादळ उठले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता निःसंदिग्ध शब्दांत चूक ठरविली. हे विधान त्यांच्या परंपरेत पूर्वी इतक्या स्पष्टपणे झाले नव्हते, आणि त्याचे मोल मान्य करण्यात आपण कृपणता दाखवू नये. १४ एप्रिल १९८३ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, पुण्यात सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. चौदा वर्षांत चातुर्वर्ण्यापासून समरसतेपर्यंतचे हे अंतर आपोआप कापले गेलेले नाही. जुना शब्द उच्चारणे अशक्य व्हावे इतका प्रतिकार लोकांनी केला म्हणून नवा शब्द आला. या अर्थी हे नामांतर आपल्या चळवळीच्या यशाचीच पावती आहे. परंतु पावती मिळाली म्हणजे रक्कम पोचली असे होत नाही.

समरसतेचे पुरस्कर्ते म्हणतात की समता ही कायद्याची, कोरडी गोष्ट आहे. समरसतेत हृदयाचा ओलावा आहे. बाबासाहेबांची बंधुता तीच. हा युक्तिवाद टवाळीने उडवून लावण्यासारखा नाही. बंधुतेशिवाय समता टिकत नाही असे बाबासाहेबही म्हणत. मात्र २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची त्रयी अविभाज्य आहे, एकीला दुसरीपासून तोडले की लोकशाहीचा हेतूच नष्ट होतो, असे बजावले होते. समतेच्या जागी दुसरा शब्द बसविणे हेच ते तोडणे होय.

पालि वाङ्मयात या वादाचा निर्णय करणारा एक दृष्टान्त आहे. उदानातील उपोसथ सुत्तात व अंगुत्तरनिकायातील पहाराद सुत्तात महासागराचे आठ गुण वर्णिले आहेत. त्यांपैकी एक असा की सागराचा रस एकच, खारट. तसा धम्माचाही रस एकच, विमुक्तीचा. 'एकरस' हा शब्द समरसतावाद्यांना निश्चित आवडेल. पण त्याच्या अगोदरचा गुणही वाचावा लागतो. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या महानद्या सागरास मिळताच आपली पूर्वीची नावे व गोत्रे टाकून देतात. तसेच चारही वर्णांचे लोक संघात प्रवेश करताच आपले पूर्वीचे नाव-गोत्र टाकून 'सक्यपुत्तिय समण' एवढेच म्हणवितात. नाव-गोत्र टाकणे आधी आणि एकरसता नंतर, असा हा क्रम आहे. नद्या आपापल्या पात्रांत, आपापल्या उंचीवर वाहत राहून परस्परांविषयी गोडवा बाळगतील, तर सागर तयार होत नाही. समरसतेच्या व्यासपीठावरून जातीअंताचा, आंतरजातीय विवाहाचा, पौरोहित्यावरील जन्मसिद्ध मक्तेदारी मोडण्याचा आग्रह किती धरला जातो, हे पाहिले की तिच्या पात्रात काय आहे ते समजते. 'आदिवासी' या शब्दाऐवजी 'वनवासी' म्हणण्याचा आग्रहही असाच पारखून घ्यावा. पहिल्या शब्दात या भूमीवरील प्रथम हक्काची आठवण आहे. दुसऱ्यात केवळ राहण्याचे ठिकाण.

शब्दांचा खेळ उलट्या बाजूनेही खेळला जातो. २००१ मध्ये डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून जातीचा प्रश्न या परिषदेत नको, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. वाक्याचा पूर्वार्ध बाबासाहेबांचाच आहे आणि तो सत्य आहे. त्यांनी तो जातीचा शास्त्रीय आधार काढून घेण्यासाठी वापरला होता. येथे तो जातीला जगाच्या नजरेआड ठेवण्यासाठी वापरला गेला. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारातच वंश व रंग यांच्याबरोबर जन्मकुळाचाही उल्लेख आहे, आणि त्या कराराच्या समितीने २००२ मध्ये जन्मकुळात जातीचा समावेश होतो असा निर्वाळा दिला. आपल्या संघटनांनी डर्बनमध्ये केलेला युक्तिवाद व्यर्थ गेला नाही.

आणि आता आपल्याच घरातील एक गोष्ट. आपल्यापैकी काही मंडळी 'मूलनिवासी' आणि 'विदेशी' अशी विभागणी रक्ताच्या आधारे करतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बामशाद यांच्या जनुकीय अभ्यासाचा हवाला देऊन ब्राह्मणांचा 'डीएनए' परका असल्याचे व्याख्यानांतून सांगितले जाते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त आर्य आक्रमणाची कथा उलटी फिरवून शोषकांविरुद्ध वापरली, त्यास त्या काळाचा संदर्भ होता. बाबासाहेबांनी ती वाट जाणीवपूर्वक सोडली. जनुकांची सरमिसळ केव्हा, किती झाली हा संशोधकांचा विषय आहे, त्यांनी तो अवश्य अभ्यासावा. पण रक्तावरून माणसाचे चारित्र्य ठरविणे हा रिस्लेचा विचार आहे, आणि तो निळ्या ध्वजाखाली उच्चारला म्हणून वासेट्ठ सुत्ताशी सुसंगत होत नाही. अस्सलायन सुत्तात भगवंतांनी योन-कंबोज देशांचे उदाहरण दिले आहे : तेथे मालक व दास असे दोनच वर्ण, आणि मालकाचा दास होतो, दासाचा मालक. व्यवस्था माणसांनी केलेली आहे, एवढेच त्यातून सिद्ध करावयाचे होते.

नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांना मराठवाडा आठवावा. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव करताच आपली घरे जाळली गेली, आणि त्या नावासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले. तेव्हाही 'नामविस्तार' असा मध्यममार्गी शब्द निघालाच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्य आहे. अपमानाची पाटी गेलीच पाहिजे. त्या पाटीखालून जाणारा रस्ता स्मशानापर्यंत पोचतो की नाही, वस्तीत नळ आला की नाही, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधावे लागेल.

'नवबौद्ध' हा शब्दही असाच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत. १९५६ पासून तिसरी-चौथी पिढी घरात त्रिसरण-पंचशील म्हणत आहे, आणि शासकीय निवासी शाळेच्या फलकावर अजून 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे लिहिलेले आढळते. चौथ्या पिढीचा बौद्ध 'नव' कसा, याचे उत्तर व्याकरणात मिळत नाही. त्या उपसर्गात पूर्वीची जात जपून ठेवलेली आहे. अर्थात १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, आणि त्यासाठी दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख करावा लागतो. तो हक्काचा भाग आहे आणि कार्यालयापुरता आहे. बौद्ध वधू-वर परिचयाच्या अर्जांवर मात्र पोटजातीचा रकाना कधी कधी दिसतो, आणि त्यास 'मूळ समाज' किंवा 'कौटुंबिक पार्श्वभूमी' असे सौम्य नाव दिलेले असते. हा अर्ज छापण्यासाठी कोणत्याही शासनाने आपणावर सक्ती केलेली नाही.